दारातली सदाफुली आणि दोन मिलिग्रॅम



या व्याख्यानमालेत बोलायला या, असा निरोप आला तेव्हा मला विषय शोधावा लागला नाही. तो बारा वर्षांपूर्वी एका आजींनी दिला होता.

त्या आमच्या शेजारच्या. नातू पाच वर्षांचा. पोराचा ताप हटेना, अंगावर निळे डाग उठायला लागले, हिरड्यांतून रक्त येई. लातूरला रक्त तपासलं आणि तिथून थेट मुंबई गाठावी लागली. रक्ताचा कॅन्सर निघाला. पहिल्या फेरीचे उपचार करून लेकरू घरी आलं तेव्हा त्याच्या डोक्यावर केस नव्हता आणि तोंडातल्या फोडांमुळे त्याला भात गिळवत नव्हता. घरच्यांनी फाईल माझ्यासमोर ठेवली, कारण गावात वनस्पतीशास्त्र शिकवणारी बाई मी एकटीच, आणि औषधांचं मला कळतं असा त्यांचा समज. त्या यादीत एक नाव होतं, व्हिनक्रिस्टिन. मी फाईल मिटली आणि ओट्याच्या कडेला तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावलेल्या झाडाकडे बोट दाखवलं. म्हणाले, ‘आजी, हे इंजेक्शन त्या सदाफुलीतून निघतं.’

आजींनी झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘मग बाई, पाला वाटून देऊ का लेकराला? मुंबईला कशापायी न्यायचं?’

मी घाईघाईने नको म्हणाले. पण का नको, हे त्या दिवशी मला नीट सांगता आलं नाही. आज पुन्हा सांगून पाहते.

आपली सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची. ती आपल्याकडे इतकी रुळली आहे की कुणाला परकी वाटत नाही. पाणी घातलं नाही तरी ती फुलते, उन्हाळ्यात हातपंपाच्या कडेला फुलते. भूकंपात पडलेल्या आपल्या जुन्या किल्लारीच्या ढिगाऱ्यात एका ओट्याच्या दोन दगडांमधून ती वर आलेली मी पाहिली आहे. पांढऱ्या पाकळ्या, मधोमध लाल टिकली. एक गोष्ट मात्र तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. शेळी कण्हेरीला तोंड लावत नाही, तशी सदाफुलीलाही लावत नाही. बाभळीचे काटे चघळणारी शेळी हे हिरवंगार कोवळं पान सोडून का जाते?

झाडाला पाय नाहीत. अळी आली, बुरशी आली, शेळी आली तर त्याला पळता येत नाही. म्हणून ते जागच्या जागी उभं राहून पानात, सालीत, मुळात विषं तयार करतं. कोट्यवधी वर्षं झाडं हेच करत आली आहेत. सदाफुलीच्या पानात अशी शंभरावर अल्कलॉइडं आहेत. आपल्याला ज्यात औषध दिसतं, ते झाडाच्या दृष्टीने शत्रूच्या पेशी मारायचं हत्यार आहे. हे एकदा ध्यानात आलं की पुढचं सगळं सोपं होतं.

हे हत्यार माणसाच्या हाती लागलं तो प्रसंग मी वर्गात दरवर्षी सांगत असे. १९५२ साली कॅनडात डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे जमैका बेटावरून टपालाने एक पाकीट आलं. त्यात सदाफुलीची २५ पानं होती. तिथले लोक मधुमेहावर या पानांचा चहा पीत, अगदी आपल्याकडे आजही काहीजण ‘शुगर’वर पितात तसा. क्लार्क यांनी ती आपले भाऊ, संशोधक रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. त्यांनी अर्क करून उंदरांना तोंडाने पाजला. साखरेवर काही परिणाम दिसला नाही. मग तोच अर्क टोचून पाहिला, तेव्हा उंदीर मरायला लागले. कारण शोधलं तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या आणि उंदीर साध्या जंतूंनी मरत होते. दुसरा कुणी असता तर त्याने वही बंद केली असती. नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बिअर यांनी मात्र उलटा विचार केला. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणं हाच ज्यांचा आजार आहे, त्यांच्यासाठी हेच हवं आहे. १९५८ साली त्यांनी व्हिनब्लास्टिन वेगळं काढलं. अमेरिकेतल्या एली लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा यांच्या चमूने त्याच पानातून व्हिनक्रिस्टिन काढलं आणि १९६३ साली त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली.

आजींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. जे तोंडाने पाजून काही झालं नाही, ते टोचल्यावर जीव घेऊन गेलं. मधली वाट पुढे फार मोजून-मापून शोधावी लागली.

ते पेशीत जाऊन काय करतं? आपण लग्नाचा मांडव घालतो. मेढी रोवायच्या, वासे टाकायचे, दोरीने आवळायचं आणि कार्य उरकलं की सोडवून ठेवायचं. पेशी दुभंगायच्या वेळी तिच्या आत असाच मांडव उभा राहतो. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे तुकडे एकावर एक चढून सूक्ष्म नळ्या बनतात. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना तर्कुतंतू म्हणतो. त्या गुणसूत्रांच्या जोड्या दोन्ही बाजूंना ओढून नेतात. भावाभावांच्या वाटणीत दोघांना सारखं यावं, तशी दोन लेकपेशींना गुणसूत्रं सारखी मिळतात आणि मांडव सुटतो. व्हिनक्रिस्टिन त्या तुकड्यांना जाऊन चिकटतं आणि मेढच उभी राहू देत नाही. पेशी वाटणीच्या मध्यावर अडकते. पुढे जाता येत नाही, मागे येता येत नाही, आणि शेवटी ती मरते.

ती कशी मरते, हेही पाहण्यासारखं आहे. पेशी ठेचून मेली तर फुटते, आजूबाजूला सूज येते. पण पेशीला शिस्तीने मरण्याचीही एक रीत आहे. आतले प्रथिनांचे सुरे बाहेर निघतात, पेशी स्वतःला कापून लहान पुड्या बांधते आणि शेजारच्या पेशी त्या खाऊन टाकतात. मागे काही उरत नाही. १९७२ साली तीन शास्त्रज्ञांनी या रीतीला ग्रीक भाषेतून अपॉप्टॉसिस हे नाव दिलं. त्या शब्दाचा अर्थ पानगळ. फाल्गुनात आपला लिंब कसा एकेक पान सोडतो! देठापाशी झाड स्वतःच गाठ सोडतं, पान ओरबाडून काढावं लागत नाही. निरोगी पेशीला ही पानगळ येते. कॅन्सरची पेशी ती विसरलेली असते. झाडांपासून आलेली बरीचशी औषधं तिला पेचात पकडून शेवटी त्याच वाटेवर ढकलतात.

पण मांडव फक्त कॅन्सरच्या पेशीत उभा राहत नाही. केसांच्या मुळाशी, तोंडाच्या अस्तरात, हाडांच्या मगजात पेशी सतत दुभंगत असतात. म्हणून केस गेले, म्हणून तोंडात फोड आले. मज्जातंतूंमध्ये याच नळ्यांवरून माल वाहून नेला जातो, म्हणून व्हिनक्रिस्टिन घेणाऱ्याच्या पायाला मुंग्या येतात, कुणाचं पाऊल लुळं पडतं. या औषधाचा एका वेळचा डोस सहसा २ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. २ मिलिग्रॅम म्हणजे बोटाच्या टोकाला चिकटलेले मिठाचे थोडे कण. शिरेत गेलं तर औषध आहे, चुकून पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात गेलं तर मृत्यू जवळजवळ ठरलेला. आणि व्हिनब्लास्टिनचा १ ग्रॅम काढायला सदाफुलीची सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात. व्हिनक्रिस्टिनला त्याहून कितीतरी जास्त.

आता आजींचा पाटा-वरवंटा डोळ्यांसमोर आणा. मूठभर पाला वाटला तर त्यात व्हिनक्रिस्टिन किती? असून नसल्यासारखं. आणि त्याच्याबरोबर बाकीची शंभर विषं, कुठलं किती याचा हिशेब नाही. आधीच पांढऱ्या पेशी घसरलेल्या लेकराच्या पोटात हे घालायचं?

या औषधाचा आपल्या महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. १९८४ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेबरोबर काम करून सिप्लाने व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन भारतात बनवण्याची रीत बसवली. त्याच दशकात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या साथीने मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी एक उपचारपद्धती आखली. एमसीपी-८४१ असं तिचं नाव. आपल्या देशातल्या गर्दीत, आपल्या पैशात आणि आपल्या जंतूंच्या वातावरणात चालेल अशी. चेन्नई आणि दिल्लीतही तीच वापरली गेली. त्याआधी हा आजार झालेली बहुतेक मुलं हातची जात. या पद्धतीने वाचणाऱ्या मुलांचं प्रमाण दुपटीहून वर गेलं. व्हिनक्रिस्टिन त्यातलं एक. एकट्या सदाफुलीच्या औषधाने आजार हटतो खरा, पण काही महिन्यांत परततो. स्टिरॉइड, आणखी दोन-चार औषधं, मेंदूच्या भोवती लपलेल्या पेशींसाठी वेगळे उपचार आणि दोन-अडीच वर्षांची चिकाटी, एवढं सगळं एकत्र आलं तेव्हा मुलं वाचायला लागली.

दुसरी गोष्ट नंदुरबारची आहे, आणि ती आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही याचं मला फार वाईट वाटतं. मनसुख वाणी १९२५ साली नंदुरबारला जन्मले. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले, अमेरिकेत जाऊन १९६२ साली डॉक्टरेट मिळवली आणि नॉर्थ कॅरोलायनात मन्रो वॉल यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. त्याच वर्षी, तिकडे दुसऱ्या टोकाला वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात आर्थर बार्कले नावाचे वनस्पतीशास्त्रज्ञ एका सदाहरित झाडाची साल सोलून पिशवीत भरत होते. पॅसिफिक यू हे ते झाड. लाकूडतोड्यांच्या लेखी त्याला किंमत नव्हती. ती साल वॉल आणि वाणींकडे आली. सालीत औषध इतकं कमी की ते शुद्ध करून त्याची रचना उलगडेपर्यंत १९७१ साल उजाडलं. ते टॅक्सॉल. १९७९ साली सुसान हॉर्विट्झ यांनी दाखवलं की ते सदाफुलीच्या नेमकं उलट काम करतं. सदाफुली मांडव उभा राहू देत नाही आणि टॅक्सॉल उभा राहिलेला मांडव सुटू देत नाही. गाठी अशा आवळतं की पेशीला वाटणी पुरी करता येत नाही. दोन्ही वाटांनी पेशी अडकते. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी त्याला मान्यता मिळाली १९९२ च्या शेवटी. साल सोलल्यापासून ३० वर्षांनी.

वाणी आणि वॉल यांचं दुसरं औषध त्याआधीचं, १९६६ चं. एका चिनी झाडातून त्यांनी कॅम्प्टोथेसिन काढलं. हे समजायला अंबाडीच्या वाखाचं चऱ्हाट वळताना आठवा. दोन पेड वळत गेलं की पुढच्या बाजूला पीळ जास्त बसतो आणि दोर गुंडाळत जातो. पेशीत डीएनएची नक्कल होताना असाच पीळ साचतो. तो सोडवायला एक विकर असतं. ते एका पेडाला छेद देतं, पीळ जाऊ देतं आणि पेड पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन छेद दिल्यावर आणि सांधण्याच्या आधी तिथेच जाऊन बसतं. छेद उघडा राहतो. मागून नक्कल करणारं यंत्र धडकतं आणि दोर तुटतो. त्यातूनच पुढे टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं तयार झाली.

कॅम्प्टोथेसिन चिनी झाडापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात कुठे सापडलं, माहीत आहे? आपल्या सह्याद्रीत. १९७२ साली टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी ते एका झाडात दाखवलं. उग्र वासामुळे आपल्याकडे त्याला नरक्या म्हणतात. ही बातमी बाजारात पोचली आणि आंबोली, राधानगरी, कोयनेच्या पट्ट्यात नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. झाड मुळासकट काढायचं, तुकडे करून ट्रकमध्ये भरायचं. हिमालयातल्या यूचंही असंच झालं. टॅक्सॉलच्या एका किलोसाठी एकेकाळी सुमारे ३ हजार झाडांची साल लागायची. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी पानांतून अर्धं काम करून घ्यायची युक्ती काढली, नंतर पेशी टाकीत वाढवून औषध काढणं जमलं, तेव्हा झाडांनी सुटकेचा श्वास सोडला. नरक्याच्या वाट्याला ते सुख अजून पुरतं आलेलं नाही. ज्या झाडाने जगभरच्या रुग्णांना आयुष्य दिलं, त्याला आपण नरकाचं नाव दिलं आणि कुऱ्हाड लावली. हे सांगताना मला खरंच लाज वाटते.

आता हळदीकडे येते, कारण मला सर्वांत जास्त विचारतात ते हळदीबद्दल. वसमत, अर्धापूर, हिंगोलीचा सगळा पट्टा हळदीचा. हळद शिजवायच्या दिवसांत गावात शिरताना तो दरवळ आधी येतो. हळदीत कर्क्युमिन असतं आणि प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत ते कॅन्सरच्या पेशी मारतं, हे खरं आहे. त्यावर हजारो लेख आहेत. पण काचेच्या बशीत मीठही पेशी मारतं, साबणाचं पाणीही मारतं. प्रश्न असा असतो की पोटात घेतलेलं औषध गाठीपर्यंत पोचतं का, पुरेसं पोचतं का, आणि वाटेतल्या चांगल्या पेशी सोडतं का. कर्क्युमिन दिवसाला ८ ग्रॅम देऊन पाहिलं तरी रक्तात ते नावापुरतंच सापडलं. आतडं ते घेत नाही, यकृत त्याचं रूप पालटून टाकतं. २०१७ साली अमेरिकेतल्या औषधी-रसायनतज्ज्ञांनी त्याच्यावरच्या शंभरावर चाचण्या धुंडाळल्या आणि नीट पारख केलेल्या एकाही चाचणीत ते औषध म्हणून यशस्वी ठरल्याचं त्यांना आढळलं नाही. अमेरिकेने १९९५ मध्ये दिलेलं जखमेवरच्या हळदीचं पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपण १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, त्याचा मला पुरेपूर अभिमान आहे. वरणात हळद घाला, जखमेवर लावा. गाठीवर मात्र तिच्या भरवशावर राहू नका.

असं बोललं की कुणीतरी म्हणतं, बाई आयुर्वेदाच्या विरोधात आहेत. नाही. सुश्रुतसंहितेत अर्बुदाचं वर्णन आहे, एकदा काढलेलं अर्बुद पुन्हा उद्भवतं याची नोंद आहे, शस्त्रक्रिया आहे. आणि आपला बिब्बा घ्या. हातावर उतला तर फोड येतात, कुणाच्या चांगल्या कामात ‘बिब्बा घातला’ असं आपण म्हणतो ते उगीच नाही. जुने वैद्य बिब्बा तसाच कधी देत नसत. विटकरीच्या चुऱ्यात घोळून, तेल उतरवून, शोधन करून मगच देत. तेही मोजून. शोधन आणि मात्रा हे दोन्ही शब्द त्यांचेच आहेत. ज्याने हे शब्द घडवले, तो वैद्य बाजारातल्या बिननावाच्या पुडीला कधी हात लावू देणार नाही. गुळवेलीसारखी घराघरातली वेलसुद्धा घ्या. करोनाच्या काळात २०२० मध्ये काढे वाढले तेव्हा मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी ती घेणाऱ्या ६ रुग्णांमधला यकृताचा बिघाड नोंदवला. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की ती वेल दुसऱ्याच जातीची असू शकेल. समजा तसंच असेल. मग तर प्रश्न आणखी अवघड होतो, कारण पुडीत नेमकी कुठली वेल आहे हे घेणाऱ्याला कळणार कसं?

हा प्रश्न माझ्याच घरी मला पडला होता.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणायचो, तेरणेच्या पलीकडे दिलेली. २००४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर तिच्या छातीत शेंगदाण्याएवढी गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून कुणाला सांगितलं नाही. मग बाजाराच्या दिवशी येणाऱ्या एका माणसाकडून तिने पुड्या आणल्या. सकाळी एक काढ्यात, रात्री एक मधात. तो म्हणाला होता, जडीबुटी आहे, गाठ आतल्या आत विरते. मला तिने कळू दिलं नाही. ‘तू रागावशील,’ असं नंतर म्हणाली. हरभरा काढणीला आला तेव्हा मी तिच्याकडे गेले, तर फडताळात लोणच्याच्या बरणीमागे पुड्यांचा डबा. काखेत गाठी आल्या होत्या. त्वचा ओढली गेली होती.

मी त्यातली एक पुडी कॉलेजात नेली. माझी अख्खी हयात पानंफुलं ओळखण्यात गेली, म्हटलं निदान हे काय आहे ते तरी कळेल. पाण्याचा थेंब, काचपट्टी, सूक्ष्मदर्शक. स्टार्चचे कण दिसले. कुठल्यातरी पानावरची लव दिसली. मातीचे चकचकीत खडे दिसले. याहून पुढे मला काही सांगता आलं नाही. त्या खुर्चीवर मी किती वेळ बसले होते कोण जाणे. वनस्पतीशास्त्राच्या बाईची सख्खी बहीण आठ महिने जे पोटात घालत होती, त्याचं नाव त्या बाईला सांगता येत नव्हतं.

तिला आम्ही बार्शीला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, ‘कधीपासून आहे?’ आक्का म्हणाली, ‘पेरणीच्या आधीपासून.’ डॉक्टरांनी वर पाहिलं, भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे, आणि लिहायला लागले. पुढे तिला टॅक्सॉलच दिलं. म्हणजे झाडातलंच, वाणींचंच. पण तेव्हा आजार हाडात उतरला होता. दोन वर्षं राहिली. त्या पुड्यांतल्या कुठल्याही झाडाने तिला मारलं नसेल. तिचे आठ महिने मात्र त्या पुड्यांनी नेले.

२०१८ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी अशाच माणसांचा हिशेब मांडला. बरा होण्याजोगा कॅन्सर असून ज्यांनी फक्त पर्यायी उपचार घेतले असे २८१ रुग्ण. रीतसर उपचार घेतलेल्यांच्या तुलनेत त्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट निघाला आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाचपटीहून जास्त. तो आकडा वाचला तेव्हा मला डोळ्यांसमोर लोणच्याची बरणी दिसली.

किल्लारीत उशिराचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं नुकती झोपली होती. दोन-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीची माळवदं. उन्हाळ्यात गारवा देणारं, पिढ्यानपिढ्या भरवशाचं घरच अंगावर आलं. मी त्या दिवशी दुपारी लातूरहून पोचले. ढिगाऱ्याखालून आवाज येत होते. ज्या ढिगाऱ्यापाशी हात आधी पोचले तिथून माणसं निघाली. मग पाऊस लागला, माती जड झाली आणि आवाज थांबत गेले. मातीच्या ओझ्याखाली एकेक तास काय असतो, हे या सभागृहातल्या पांढऱ्या केसांच्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे. गाठीच्या बाबतीत तासांऐवजी महिने म्हणा.

आणि आपल्या भागाने याबाबत जगाला काहीतरी शिकवलं आहे, हे तरुणांना माहीत असावं. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करुग्णालयात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. रुग्ण दवाखान्यात येत नाहीत, तर माणसं गावोगाव पाठवून नोंदवायचे. तिथूनच टाटा स्मारकाच्या साथीने आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास झाला. गावांचे ५२ समूह, १ लाख ३१ हजारांवर स्त्रिया. २००९ साली निष्कर्ष छापून आला. ज्या गटात एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात फक्त एकदा केली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या बायांना तपासणी मिळाली नाही यावर पुढे टीका झाली, ती मला रास्त वाटते. पण जगातले देश आज जी तपासणी स्वीकारत आहेत, तिचा मोठा पुरावा आपल्या शेजारच्या ज्वारी-तुरीच्या शिवारातल्या बायांनी दिला आहे. इथल्या किती जणींनी ती करून घेतली आहे? आशाताई मागे उभ्या आहेत, त्यांना उत्तर माहीत आहे.

तंबाखूबद्दल दोनच वाक्यं. तीही वनस्पतीच आहे, सुपारीही वनस्पतीच आहे, आणि आपल्या भागातल्या तोंडाच्या कॅन्सरमागे बहुतेक वेळा याच दोघी असतात. राज्यात गुटखा २०१२ साली बंद झाला, टपरीवर तो आजही मिळतो आणि घरात मिश्रीची डबी चुलीपाशी असते.

ते पोर वाचलं, हे सांगायचं राहिलंच. अडीच वर्षं मुंबई-किल्लारी केली त्याच्या आईबापाने. जमिनीचा तुकडा गेला. आता ते बारावीला आहे, लातूरला शिकवणीसाठी राहतं, रविवारी घरी येतं. अजून जिने चढताना डावं पाऊल जरा फरफटतं, तेवढी व्हिनक्रिस्टिनची खूण.

आज इथे येण्याआधी त्यांच्याकडे चहाला थांबले होते. पत्र्याचा डबा गंजून गेला, झाड आता जमिनीत लावलंय आणि मांडीपर्यंत आलंय. आजी वाटीत देवासाठी फुलं तोडत होत्या. तेवढ्यात पलीकडच्या घरातली सून आली, सासऱ्याची साखर वाढलीय म्हणून सदाफुलीची चार पानं मागायला. आजींनी वाटीतली फुलं तिच्या पदरात टाकली.

‘फुलं ने माय, देवाला वाहा. पानाचं माप माझ्यापाशी न्हाई. सासऱ्याला उद्या दवाखान्यात घेऊन जा.’